एकच ‘पेन’, दोन अर्थ : इंग्रजी स्वरांची लांबी आणि आपला कान



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टरने उच्चारांवर बोलावे, हे काहींना नवल वाटेल. पण आमच्याकडे औषध निवडायचे ते रुग्णाचे बोलणे नीट ऐकून. बेळगावात इतकी वर्षे मराठी, कन्नड आणि इंग्रजीतली दुखणी ऐकताना काही गोष्टी ध्यानात आल्या, त्या मांडतो.

तीन शब्द घ्या : पेन, टेस्ट, सेल. पेन म्हणजे लेखणी की वेदना? टेस्ट म्हणजे तपासणी की चव? सेल म्हणजे पेशी की विक्री? इंग्रजीत हे सहा निराळे शब्द आहेत. लेखणी, तपासणी आणि पेशी यांतला ‘ए’ आखूड. वेदना, चव आणि विक्री यांतला लांब, शेवटी किंचित ‘इ’कडे घसरणारा. मराठीत मात्र ‘ए’ला अक्षर एकच, म्हणून आपण सहांचे तीन करून टाकतो. ‘ओ’च्या बाबतीत अर्धचंद्राने आपल्याला तारले : खाटेची कॉट आणि अंगातला कोट वेगळे लिहिता येतात. ‘ए’वरचा अर्धचंद्र मात्र बॅट आणि बॅगेच्या कामी लागला.

आता आपल्या शेजारच्या भाषेकडे पाहा. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांना स्वतंत्र अक्षरे आहेत. ‘बेळे’ आखूड म्हटले तर पीक, लांबवले तर डाळ. बाजारात डाळ घेताना आपल्यापैकी कितीतरी जण हा फरक सहज करतात. प्राकृतातही जोडाक्षरापूर्वीचा ‘ए’ ऱ्हस्व असतो. ‘एत्थ’ म्हणजे येथे, यातला ‘ए’ आखूड. लिहिताना मात्र तेच अक्षर. म्हणजे हा ऱ्हस्व ‘ए’ आपल्याला परका नाही. फक्त मराठी लिपीने त्याची वेगळी नोंद ठेवली नाही.

इ आणि उ यांचे दुखणे वेगळे. येथे आपल्याकडे अक्षरे दोन-दोन आहेत, पण कानाला त्यांचे फारसे काम पडत नाही. मूल-मुलाला, फूल-फुले यांत ऱ्हस्व-दीर्घ शब्दातल्या जागेवरून ठरते, अर्थावरून नव्हे. दिन आणि दीन हे संस्कृतातून आलेले शब्द लिहिताना आपण जपतो, बोलताना बहुधा सारखेच म्हणतो. इंग्रजीत मात्र शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी. हिल म्हणजे टेकडी, हील म्हणजे टाच.

मग स्वर नुसता लांबवला की झाले? नाही. इंग्रजीत कठोर व्यंजनापूर्वी स्वर आखडतो आणि मृदू व्यंजनापूर्वी लांबतो. म्हणून ‘सीट’मधला ई ‘सीड’मधल्या ईपेक्षा आखूड असतो, तरी तो ‘सिट’ होत नाही. खरा फरक जिभेच्या ठेवणीत आहे. ‘शीप’ म्हणताना जीभ उंच आणि ताणलेली, ओठ हसल्यासारखे. ‘शिप’ला जीभ सैल सोडायची, तो स्वर आपल्या इ आणि ए यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. तसाच ‘फुल’मधला उ थोडा ओकडे झुकलेला. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश 1917 साली निघाला, तेव्हा या जोड्यांना चिन्ह एकच होते, फक्त लांबीची खूण वेगळी. 1977 च्या आवृत्तीत गिम्सन यांनी चिन्हेही वेगळी केली, ती याच कारणाने.

स्पेलिंगवर विसंबून चालत नाही, त्यालाही इतिहास आहे. साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकात इंग्रजीचे दीर्घ स्वर जागचे हलले. ‘नेम’ हा शब्द त्यापूर्वी आपल्या ‘नाम’च्या जवळ उच्चारला जाई. कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना घातला. पुढे स्पेलिंग छापून स्थिरावले आणि उच्चार पुढे निघून गेला. म्हणून शाळेतली बाई ज्याला ‘लाँग आय’ म्हणते, तो आपला ई नसून ‘आय’ असतो.

उपाय सोपा आहे. जोडीतले शब्द आलटून पालटून मोठ्याने म्हणा, घरातल्या कोणाला तरी ऐकवा आणि कोणता म्हटला ते ओळखायला सांगा. आधी कान तयार होतो, मग जीभ. रोज पाच मिनिटे पुरेत. आणि जोडीला नातवंडांनाच घ्या.

हे मुद्दाम सांगतो. आज घरोघरी इंग्रजी शाळेतली नातवंडे आजी-आजोबांच्या उच्चाराला हसतात. मग आजोबा त्यांच्याशी इंग्रजी बोलणे सोडतात, आणि हळूहळू नातू आजोबांशी मराठी. तोटा दोघांचाही. नातवाकडून आपण ‘शिप’ शिकावे, त्याला आपल्याकडून ‘ळ’ आणि ‘ण’ शिकवावेत. एका घरात दोन्ही कान तयार होतील. पिढ्यान्‌पिढ्या दोन-तीन भाषांच्या शेजारात नांदलेल्या आपल्या घरांना हे जड जाऊ नये.