हातानें सूत काढण्याची विद्या

(शेतकरी, धनगर व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मला सूत कातण्याविषयीं बोलावयास सांगितलें आहे. विषय लहान दिसतो; पण अंगावरच्या धोतरापासून बैलाच्या कासऱ्यापर्यंत ज्यावांचून आपलें चालत नाहीं, तें सारें पिळानेंच धरून ठेवलेलें आहे. सुतावरून स्वर्ग गाठण्याची भाषा मी करणार नाहीं. चरखा फिरविला कीं दारिद्र्य पळालें, असें सांगणारास मी तुमचा मित्र समजत नाहीं. मला सांगावयाचें तें एवढेंच कीं, ही विद्या काय आहे, ती घरच्या घरीं कशी शिकावी, आणि शिकल्यावर तिचें मोल आपण स्वतः कसें ठरवावें.

विद्या हा शब्द मी मुद्दाम वापरतों. पोथी वाचतां येते ती विद्या आणि हातांतून धागा निघतो तें नुसतें काबाडकष्ट, हा भेद कोणी पाडला व कोणाच्या सोयीसाठीं पाडला, हें तुम्हांस नव्यानें सांगावयास नको. सिंधमधील मोहेंजोदडो येथें सुमारें शंभर वर्षांपूर्वीं खोदकाम झालें, तेव्हां एका रुप्याच्या भांड्यास चिकटून राहिलेले सुती कापडाचे तुकडे मिळाले. ते चार हजार वर्षांहून जुने आहेत. ज्या हातांनीं तें सूत काढलें त्यांचें नांव कोणास ठाऊक नाहीं. पण त्या हातांनीं दिलेला पीळ अजून राहिला आहे.

आतां ही विद्या आपल्या घरांतून गेली कशी, तें थोडक्यांत ऐका. विलायतेंत १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्जनें एका वेळीं अनेक धागे काढणारें यंत्र केलें, १७६९ सालीं आर्कराइटनें पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा हक्क घेतला, आणि १७७९ सालीं क्रॉम्प्टननें बारीक सुताचें यंत्र काढलें. पुढें तें सूत जहाजें भरून आपल्या देशांत येऊं लागलें. १८५४ सालीं मुंबईंत कावसजी दावर यांनीं सूतगिरणीची कंपनी काढली, आणि मग सूत येथेंच गिरणींत निघूं लागलें. यांत एक गोष्ट ध्यानांत धरा. साळी व कोष्टी यांचा माग लगेच बंद पडला नाहीं. त्यानें गिरणीचें सूत विकत घेतलें आणि कसाबसा जीव धरला. पहिला घाव बसला तो कातणारीवर. कारण तिचाच माल गिरणीनें केला. आणि कातणारी कोण? बहुतकरून घरची बाई, म्हातारी, विधवा. १८२८ सालीं बंगाल्यांतील ‘समाचार दर्पण’ पत्रांत अशाच एका विधवेचें पत्र छापून आलें. सूत कातून तिनें संसार चालविला होता, मुलींचीं लग्नें केलीं होतीं. विलायती सूत आलें आणि तिच्या सुतास कोणी विचारीनासें झालें. तिच्यासारख्या आपल्याकडेही गांवोगांव असतील. त्यांचें पत्र लिहावयास कोणी बसला नाहीं, इतकेंच.

आतां मूळ विषयाकडे वळूं. सूत म्हणजे काय? कापसाचा, लोंकरीचा किंवा वाखाचा एक तंतु घ्या. तो बोटभर किंवा हातभर लांब असतो, आणि ओढला तर सुटून येतो. पुष्कळ तंतु शेजारीं ठेवून त्यांस पीळ दिला म्हणजे ते एकमेकांस आवळून धरतात. सूत जें काय आहे तें या पिळांत आहे. अंबाडीचा वाख काढून ज्यानें चऱ्हाट वळलें आहे, त्यास निम्मी विद्या आधींच आली आहे. तो काय करतो? प्रत्येक पदर एका बाजूस पिळतो, आणि दोन किंवा तीन पदर एकत्र करून उलट बाजूस वळतो. उलट वळल्यामुळें पदर सुटूं पाहतात तितके एकमेकांत अधिक घट्ट बसतात. मांगवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें हें ज्ञान गिरणीच्या दुहेरी दोऱ्यांतही तसेंच आहे. त्यांत रतीभर फरक नाहीं.

कातण्यास पहिलें साधन टकळी. बांबूची गुळगुळीत, वीतभर काडी किंवा जुन्या छत्रीची तार घ्यावी. तिच्या खालच्या बाजूस फुटक्या कौलाची किंवा करवंटीची घासून गोल केलेली चकती बसवावी, आणि वरच्या टोंकास खांच किंवा आंकडा करावा. छिद्र अगदीं मध्यावर पाहिजे. नाहीं तर टकळी थरथरते आणि धागा तुटतो. बारीक सुतास हलकी टकळी, जाड सुतास जड टकळी. खर्च जवळजवळ कांहींच नाहीं. चरखा मागाहून घ्यावा. ज्याचा हात टकळीवर बसला त्यास चरखा जड जात नाहीं.

प्रथम कापूस. बोंडांतून वेंचतांना पाल्याचा कचरा येऊं देऊं नये. कापूस उन्हांत चांगला तापवावा. मग सपाट पाटावर थोडा थोडा ठेवून लोखंडी सळई त्यावरून लाटावी. सरकी पुढें निसटते आणि रुई मागें राहते. ही रुई धनुकलीच्या तांतीवर पिंजावी, म्हणजे गुठळी फुटून एकेक तंतु मोकळा होतो. पिंजलेली रुई काडीवर हलक्या हातानें गुंडाळून काडी काढून घ्यावी. हा झाला पेळू. पेळू दाबून केला तर तंतु सुटत नाहींत. अर्धें कातणें पेळूंत आहे. वाईट पेळूवर चांगला हातही हरतो.

टकळीला हातभर जुना दोरा बांधून त्याचें टोंक पेळूच्या तंतूंत मिसळावें. उजव्या हाताच्या अंगठ्यानें व बोटानें टकळीस फिरकी द्यावी, डाव्या हातांत पेळू अगदीं हलका धरावा, आणि पीळ जसा वर चढेल तसा पेळू मागें घ्यावा. हातभर सूत झालें कीं तें टकळीवर गुंडाळावें. फिरकी नेहमीं एकाच बाजूस द्यावी. उलट दिली कीं झालेलें सूत उकलतें. प्रथम प्रथम टकळी जमिनीवर किंवा वाटींत टेकवून फिरवावी; हात बसल्यावर अधांतरीं सोडावी.

शिकणाराचें सूत कोठें दोरीसारखें जाड आणि कोठें केसासारखें बारीक निघतें. याचें कारण असें कीं, पीळ नेहमीं बारीक जागीं धांवतो. बारीक जागा अति पिळून कडक होते, आणि जाड जागा बिनपिळाची, भुसभुशीत राहते. उपाय एकच: पीळ चढण्यापूर्वीं तंतु सारखे ओढून घ्यावेत. सूत हातांतून निसटून सुटलें तर पीळ कमी पडला. ढिलें सोडतांच त्याच्या गाठी वळूं लागल्या तर पीळ जास्त झाला. तुटल्यावर गांठ मारूं नये. तुटलेलें टोंक उकलून, त्यावर पेळूचे मोकळे तंतु ठेवून पुन्हां पीळ द्यावा. रोज अर्धा तास याप्रमाणें महिनाभर बसलें तर कोणाच्याही हातास वळण लागतें. पोरें तर मोठ्यांआधीं शिकतात. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर जी मूलोद्योगी शाळा निघाली, तींत मुलांच्या हातीं टकळी दिली जात असे.

आतां लोंकर. येथें मला अधिक वेळ थांबावयाचें आहे, कारण आपल्या माळरानावरची धन ती हीच. दख्खनी मेंढीची लोंकर आंखूड, जाडीभरडी, बहुतेक काळी. वर्षांतून दोन वेळां ती कातरतात. गिरण्या अंगांत घालावयाच्या उंची कापडासाठीं ऑस्ट्रेलियाची मऊ लोंकर मागवितात. आपल्या लोंकरीस त्या विचारीत नाहींत. कातरणीची मजुरीसुद्धां सुटत नाहीं म्हणून लोंकर माळावर टाकून देणारे मेंढपाळ आज दिसतात. ज्या लोंकरीच्या घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन आपल्या बापजाद्यांनीं पावसाळे काढले, तिची आज ही गत आहे. पण यांतच एक संधि आहे. सुती सुतांत गिरणीशीं स्पर्धा करणें व्यर्थ आहे. परंतु ज्या मालाकडे गिरणी पाठ फिरविते, त्या मालास हाताचीच वाट उरते.

मेंढी कातरण्याआधीं ओढ्यावर धुवावी. कातरल्यावर लोंकर निवडावी: कोकराची पहिली मऊ लोंकर वेगळी, पाठीची वेगळी, पोटाची व पायांची वेगळी. सारी एका पोत्यांत कोंबली कीं चांगल्या मालासही वाईट मालाचा भाव मिळतो. धुण्यास कोमट पाणी व रिठा घ्यावा. कढत पाण्यांत घालून चोळूं नये. लोंकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकून सारी लोंकर थापटून बसते आणि मग ती कातण्याच्या कामाची राहत नाहीं. धुतलेली लोंकर सावलींत वाळवून, बोटांनीं मोकळी करून धनुकलीवर पिंजावी. लोंकरीचा तंतु कापसाहून लांब, म्हणून तिला पीळ कमी लागतो. सूत झाल्यावर त्याची लडी करून कोमट पाण्यांत भिजवावी व खालीं हलकें वजन बांधून वाळत टांगावी. पीळ जागच्या जागीं बसतो. पुढें खुटेकर धनगर किंवा सणगर मागावर ताणा लावून चिंचोक्याची खळ देतो आणि घोंगडी विणतो. ही सारी सांखळी आपल्याच लोकांच्या हातांत आहे. तिची पहिली कडी निखळली तर माग रिकामा बसतो.

आतां हिशेब, कारण येथेंच आपण नेहमीं नाडले जातों. टकळीवर बसलेला हात तासाला सुमारें दोनशें वार सुती सूत काढतो असें धरा. वीस नंबरचें सूत म्हणजे एका पौंडांत ८४० वारांच्या २० लड्या, म्हणजे १६,८०० वार. त्यास ८४ तास लागले. रोज ८ तास बसलें तर साडेदहा दिवस, आणि हातीं आलें सूत साधारण ४५० ग्रॅम. पिंजणें व पेळू करणें याचा वेळ यांत धरलेलाच नाहीं. हें सूत गिरणीच्या भावानें विकणारा आपल्या बायकोचे दिवस फुकट वांटतो आहे.

हा प्रश्न जुना आहे. १९२५ सालीं अखिल भारत चरखा संघ निघाला. सूत कातणारीस मिळणारे आणे इतके थोडे होते कीं अखेर १९३५ सालीं संघास ठराव करावा लागला कीं, आठ तासांच्या चांगल्या कामास पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. खादी महाग होईल आणि खपणार नाहीं, ही भीति तेव्हां पुष्कळांनीं घातली. पण स्वस्त खादीची किंमत कातणारीच्या पोटांतून वसूल होत होती, ही गोष्ट त्या ठरावानें उघड झाली.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली: गांवांत जी म्हातारी अजून टकळी फिरविते, तिच्याकडे या हिवाळ्यांतच चार मुली आणि चार मुलगे बसवा. मुलगे म्हणतों तें मुद्दाम. कातणें हें बाईच्याच वांट्याचें फुकट काम मानलें, म्हणूनच त्यास मोल राहिलें नाहीं. मोठ्या शहरांत लोक पैसे मोजून टकळी शिकतात. आपल्या घरीं ती शिकविणारी आजी ओसरीवर बसून आहे. ती गेल्यावर आपल्यालाही पैसे मोजावे लागतील.

दुसरी: घरांत एक वही ठेवा. कच्ची लोंकर किती, धुतल्यावर किती उरली, निवडण्यास, पिंजण्यास व कातण्यास किती तास गेले, हें ज्या पोरास लिहितां येतें त्यानें रोज लिहावें. विकतांना मिळालेल्या पैशांतून खर्च वजा करून उरलेल्यास तासांनीं भागावें. दिवसाची मजुरी खुरपणीच्या मजुरीहून कमी येत असेल तर तो भाव घेऊं नये, मग घेणारा शेठ असो, संस्था असो कीं आपलाच भाऊबंद असो.

तिसरी: एकट्यानें विकूं नका. दहा घरांनीं लोंकर एकत्र निवडावी, एकाच जाडीचें सूत काढावें, आणि विणकराशीं बसून घोंगडीचा भाव ठरवावा. त्यांत कातणारीचा वांटा किती, हें आधीं बोलावें. तें घोंगडें भिजत ठेवूं नये.

एवढें करून घरांत सोन्याचा धूर निघेल असें मी म्हणत नाहीं. कदाचित् थंडीच्या चार महिन्यांत मिठामिरचीची सोय होईल, घरच्या माणसांस घरची घोंगडी मिळेल, आणि माळावर कुजणारी लोंकर कामास येईल. जें झेपेल तेवढेंच धरावें. परंतु जी विद्या आपल्या हातांत होती, तिची किंमत दुसऱ्यानें ठरवावी आणि आपण मान डोलवावी, हें मात्र आतां पुरे झालें. येथें टकळ्या व पिंजलेली लोंकर आणून ठेवली आहे. ज्यांस हात लावून पाहावयाचें असेल त्यांनीं पुढें यावें. पहिला धागा तुटला तर लाजूं नये, तो सर्वांचाच तुटतो.