विश्वास मागणाऱ्याने हिशेब उघडा ठेवावा

प्रथेप्रमाणे या परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभराच्या अर्थविषयक लेखनाचा आढावा घ्यायचा असतो. तो थोडक्यात असा: शेअर बाजार, एसआयपी आणि व्याजदर यांवर मराठीत आता भरपूर आणि चांगले लिहिले जाते. पण ज्या संस्थेच्या शब्दावर हे सारे हलते, त्या रिझर्व्ह बँकेला आपण जाब विचारत नाही. ही खंत मी बरीच वर्षे मनात बाळगून आहे. आज तीच बोलतो.

हा जाब विचारण्याचा महाड-पोलादपूर या तालुक्यांना विशेष अधिकार आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रायगडाजवळच्या नाते गावी 1896 साली जन्मले. आणि ज्या बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह केला, त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्याआधी चार वर्षे, 1923 साली प्रसिद्ध झाला होता. 1925 मध्ये त्यांनी भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली आणि याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या विचारांवर उभी राहिली, असे आपण प्रत्येक सभेत सांगतो आणि तिथेच थांबतो. त्यांचा मुद्दा मात्र पुढेच आहे. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडले की भाववाढ होते आणि तिची झळ मजुरी वा पगारावर जगणाऱ्याला बसते, म्हणून चलनाला नियमाचे बंधन हवे, असे ते सांगत होते. त्या विचाराचा वारसा सांगायचा, तर रिझर्व्ह बँकेचा नुसता गौरव करून भागणार नाही, तिचा हिशेबही तपासावा लागेल.

मध्यवर्ती बँक शेअर बाजारावर प्रभाव टाकते का, यावर आपल्यात वाद आहे. माझ्या मते टाकते, आणि त्याची वाट सरळ आहे. बँकांना ज्या दराने रिझर्व्ह बँकेकडून अल्पमुदतीचे कर्ज मिळते तो रेपो दर खाली आला, की ठेवींचे व्याज उतरते आणि पैसा अधिक परताव्याच्या शोधात शेअरकडे वळतो. 2020 च्या मार्चमध्ये सेन्सेक्स 26 हजारांच्या खाली गेला होता. रेपो दर 5.15 वरून दोन टप्प्यांत 4 टक्क्यांवर आणला गेला, बाजारात मुबलक पैसा सोडला गेला, आणि जानेवारी 2021 मध्ये सेन्सेक्सने 50 हजारांना स्पर्श केला. त्याच आर्थिक वर्षात देशाचे उत्पन्न मात्र आकुंचन पावले होते. उलट बाजूचे उदाहरण 4 मे 2022 चे. एलआयसीची भागविक्री त्याच दिवशी सुरू झाली होती. दुपारी गव्हर्नरांनी ध्यानीमनी नसताना दरवाढ जाहीर केली आणि सेन्सेक्स दिवसअखेर 1,300 हून अधिक अंकांनी खाली आला. यावर काही जण म्हणतात, बाजार चालतो तो कंपन्यांच्या नफ्यावर आणि परदेशी पैशावर. त्यात तथ्य आहे. त्याच वर्षी दर चढत असतानाही डिसेंबरच्या सुरुवातीला सेन्सेक्स 63 हजारांवर पोचला. यावरून एवढेच दिसते, की बाजार बँकेच्या मुठीत नाही. तिचा प्रभाव नाही, असे यातून सिद्ध होत नाही.

प्रभाव असणे हा दोष नाही. माझी तक्रार आहे ती या प्रभावाची किंमत मोजणाऱ्याला काहीच सांगितले जात नाही, याबद्दल. 2020-21 मध्ये स्टेट बँकेत वर्षभराच्या ठेवीला पाच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते आणि महागाई सहा टक्क्यांवर होती. म्हणजे निवृत्त शिक्षकाची पुंजी बँकेत राहूनच झिजत होती. डिमॅट खाती मार्च 2020 मधल्या सुमारे 4 कोटींवरून दोन वर्षांत 9 कोटींच्या घरात गेली, त्यात हौसेइतकीच नाइलाजाचीही भर होती. पुढे 2022 मध्ये महागाई सलग तीन तिमाही सहा टक्क्यांच्या वर राहिली. अशा वेळी कारणे आणि उपाय सरकारला लेखी कळवण्याचे बंधन कायद्याने बँकेवर घातले आहे. ते पत्र नोव्हेंबरात तयार झाले, पण जनतेला दाखवले गेले नाही. ते प्रसिद्ध करण्याची तरतूद कायद्यात नाही, असे उत्तर संसदेत मिळाले. इंग्लंडमध्ये असेच पत्र बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर उघडपणे लिहितात आणि कोणीही ते वाचू शकतो.

गुप्तता पाळली नाही तर घबराट माजेल, हा नेहमीचा बचाव. दुबळ्या बँकेवर उपाय चालू असताना काही दिवस मौन पाळावे लागते, हे मलाही मान्य आहे. पण आपल्याच रायगड जिल्ह्यात 2010 मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला कळले ते पैसे अडकल्यावर. 2019 मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. दरड कोसळली की आंबेनळी घाट बंद असल्याचा फलक पोलादपुरातच लावायचा असतो, अर्ध्या घाटात पोचलेल्याला सांगून काय उपयोग? बँकांचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये बजावले होते. आणि उघडेपणाने पत जाते म्हणणाऱ्यांनी 1992 चा रोखे घोटाळा आठवावा. कराड बँकेसारख्या छोट्या बँकांनी हाती रोखे नसताना दिलेल्या बँक रिसीटांच्या आधारे बँकांचा पैसा शेअर बाजारात गेला. रिझर्व्ह बँकेने आपल्याच डेप्युटी गव्हर्नरांच्या अध्यक्षतेखाली जानकीरामन समिती नेमली आणि तिचे अहवाल लोकांपुढे आले. त्याने बँकेची अब्रू गेली नाही, राहिली.

उघडेपणाने बँकेची स्वायत्तता जाईल, या आक्षेपाचेही असेच आहे. रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या सहा सदस्यांपैकी कोणी कोणते मत दिले, हे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होते. त्यामुळे कोणाची स्वायत्तता बुडाली नाही. उलट, लोकांसमोर लेखी मत नोंदवणाऱ्यावर दिल्लीहून दडपण आणणे अधिक अवघड होते. मुंबई महाराष्ट्रात असण्याच्या प्रश्नावर सरकारशी मतभेद झाल्यावर अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव आपल्या भागाने देशाला दिले. पण अशी माणसे प्रत्येक पिढीत मिळतील या भरवशावर संस्था चालवता येत नाहीत.

या परिषदेने पतधोरण मराठीत समजावून सांगणारे टिपण वेळोवेळी काढावे आणि रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचनवर्ग महाडमध्ये भरवावेत, अशी माझी इच्छा आहे. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. रिझर्व्ह बँकेवर विश्वास ठेवावा का, या प्रश्नाला माझे उत्तर असे: ती जेवढा हिशेब दाखवेल तेवढाच ठेवावा. ठेवीदार म्हणून तो हिशेब मागणे आपले कर्तव्य आहे. महागाईचे पत्र यापुढे जनतेच्या नावे प्रसिद्ध झालेच पाहिजे, असा ठराव आज या सभेने एकमुखाने करावा, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.