भिंतीपलीकडचा ठोका

आमच्या लहानपणी, म्हणजे 1980 च्या आसपास, आमच्या मोहल्ल्यात गजराचं घड्याळ मोजक्याच घरांत होतं. रमजानमध्ये सहरीसाठी पहाटेआधी लोकांना उठवायचं काम भिंती करायच्या. घरं एकाला एक लागून. अम्मीला जाग आली की ती आधी कान द्यायची. पलीकडून भांड्यांचा आवाज आला तर गप्प. नाही आला तर उलथन्याच्या दांड्याने भिंतीवर दोन ठोके. तिकडून उलट ठोके आले की ती चुलीकडे वळायची. अख्ख्या गल्लीचा हिशेब तिच्याकडे नव्हता, डावीकडचं घर आणि उजवीकडचं घर, बस्स. तरी थोड्या वेळात गल्ली जागी व्हायची.

हे आठवलं ते भाचीमुळे. ती इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस; तिचा विषय मला चहा पिता-पिता कळतो तेवढाच. विषय असा, की हातात मावणारी छोटी यंत्रं रानात, शेतात, डोंगरावर ठेवायची. प्रत्येकात तापमान किंवा दमटपणा मोजायची सोय, एक चिमुकला रेडिओ आणि पेन्सिल सेलची जोडी. वायर नाही, टॉवर नाही. निरोप एकाने दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला.

2002 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक बेटावर अशी 32 यंत्रं ठेवली गेली. तिथे स्टॉर्म पेट्रेल जातीचा समुद्रपक्षी जमिनीतल्या बिळात अंडं घालतो. उबवणीच्या सुरुवातीच्या दिवसांत माणसाने त्रास दिला, तर तो बीळ सोडून जाण्याची भीती असते. म्हणून माणसाऐवजी यंत्र. पहिल्या वर्षी निरोप थेट जवळच्या ठाण्याकडे जात. 2003 मध्ये काही यंत्रं तो एकमेकांमार्फत पुढे सरकवू लागली.

या यंत्रांचे सेल खातो तो मुख्यतः रेडिओ. बोलायला वीज लागते हे मला समजलं, पण नुसतं ऐकत राहायलाही लागते म्हणे! कविसंमेलनाच्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही.

मग मध्ये एक मोठा संगणक बसवून त्यानेच सगळ्यांना हुकूम द्यावेत, असं मी सुचवलं. भाची म्हणाली, "मामू, एवढ्या सगळ्यांची खबर गोळा करण्यातच सेल संपतील. आणि खबर पोचेपर्यंत दोन-चार यंत्रं बंद पडलेली असतील." म्हणून प्रत्येकाने शेजाऱ्यांपुरतं पाहायचं आणि आपला निर्णय आपण घ्यायचा. याला लोकलाइज्ड अल्गोरिदम म्हणतात. मी शेजारधर्म म्हटलं, तर ती हसली.

त्यातली एक रीत 2004 मध्ये फिलिप लेव्हिस, नील पटेल, डेव्हिड कलर आणि स्कॉट शेन्कर यांनी मांडली. नाव ट्रिकल, म्हणजे पाझरणं. सगळ्या यंत्रांत नवा प्रोग्राम पोचवायचा असतो, त्यासाठी ती आहे. प्रत्येक यंत्र एक अवधी धरतं. अर्धा अवधी नुसतं ऐकायचं. आपल्याकडे ज्या क्रमांकाचा प्रोग्राम आहे, तोच आपल्याकडेही आहे असं पुरेशा शेजाऱ्यांनी आधीच सांगितलं, तर आपण बोलायचं नाही. सगळं जुळत राहिलं तर अवधी दुप्पट, मग आणखी दुप्पट, ठरल्या मर्यादेपर्यंत. कुणाचा क्रमांक वेगळा निघाला की अवधी एकदम लहान आणि बोलणं सुरू. 2011 मध्ये ही रीत इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांतही आली.

मला अम्मीचं उलथनं दिसलं. पण त्याच भिंतींची दुसरी एक रात्रही आठवली.

डिसेंबर 1992. गावात काही घडलं नव्हतं, पण हवा तंग होती. रात्री उजवीकडच्या भिंतीवर ठोके पडले. मागच्या दारी खाला कुजबुजली, उद्याच्या दुधात विष आहे. अम्मीने लगेच डावीकडची भिंत ठोकली. सकाळी आमचा दूधवाला आला. माझ्या जन्माआधीपासून तो दूध घालत होता. लोकांनी दूध घेतलं आणि त्याच्यासमोर गटारात ओतलं. आमच्याही घराने ओतलं. पातेलं माझ्या हातात होतं. तो काही बोलला नाही. अम्मीने महिन्याचे पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत. नंतर तो आमच्या गल्लीत आला नाही.

मी भाचीला विचारलं, "खोटा निरोप आला तर ट्रिकल काय करतं?"

"ते खरं-खोटं पाहत नाही, मामू. नवं की जुनं, एवढंच पाहतं. खोट्याचा क्रमांक मोठा असला तर तेच पसरेल, आणि तितक्याच लवकर."

त्यावर उपाय शोधला गेला आहे. 2006 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी, नवा प्रोग्राम घेण्याआधी प्रत्येक यंत्राने त्यावरची मूळ ठाण्याची डिजिटल सही तपासावी, अशी पद्धत मांडली. सही पारखायची किल्ली आधीच प्रत्येकात ठेवलेली असते. एवढ्याशा चिपला ते गणित जड जातं, वेळ लागतो, सेलही खर्च होतो.

मी अम्मीला पुढे एकदा विचारलं होतं, ती बातमी आली कुठून. ती म्हणाली, खालाकडून. खालाला विचारलं, तर तिने तिच्या पलीकडच्या घराकडे बोट दाखवलं. ते बिऱ्हाड तोवर गाव सोडून गेलं होतं.