विष विसरले जाते, शरीर विसरत नाही

(कोल्हापूर येथील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोंदी ठेवणे हे माझे रोजचे काम. म्हणून आज नोंदीबद्दलच बोलतो.

आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती मंदावली की थकवा येतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही. घरची बाई असे म्हणाली की आपण म्हणतो, "वयाचं असेल." रासायनिक युद्धात हेच दुखणे पुराव्याअभावी हरवते. जखम दिसते, ग्रंथी मंदावलेली दिसत नाही.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात एजंट ऑरेंजसारखी रसायने फवारली. कागदावर ती तणनाशके होती. एजंट ऑरेंजमध्ये डायॉक्सिन होते. हे विष शरीराच्या चरबीत साठते आणि त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच सात-आठ वर्षे किंवा अधिक लागतात. ते यकृतातील काही एन्झाइम वाढवते, त्यामुळे थायरॉईडचे हार्मोन वेगाने शरीराबाहेर जाते. तरी अमेरिकेने आपल्या माजी सैनिकांसाठी हायपोथायरॉईडिझम या आजाराचा यादीत समावेश केला तो २०२१ मध्ये. म्हणजे ५० वर्षांनी! आणि ज्यांच्या शेतावर, विहिरीवर ते पडले, त्या व्हिएतनामी लोकांचा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. विष एकच, पण न्याय पासपोर्ट पाहून.

आपल्याशी याचा संबंध काय? १९३० च्या दशकापासून ब्रिटनच्या पोर्टन डाउन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. हिंदी कातडी गोऱ्या कातडीपेक्षा जास्त भाजते का, हे त्यांना पाहायचे होते. २००७ मध्ये ही कागदपत्रे वृत्तपत्रातून पुढे आली. त्या जवानांना नंतर कोणता आजार झाला, याचा पाठपुरावा झाला नाही. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखी गावे असलेल्या आपल्या जिल्ह्याला हे झोंबायला हवे.

उलट इराणचे उदाहरण पाहा. २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी सरदश्त या कुर्द गावावर मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले. पुढच्या वर्षी, १६ मार्चला, सद्दामच्या फौजांनी हलब्जात हजारोंना मारले. मारणारा कलमा पढणारा होता आणि मरणारेही. जुलमाला धर्म नसतो, म्हणून निषेधालाही बाजू नसावी. सरदश्तमधील बाधितांची सुमारे वीस वर्षांनी, शेजारच्या गावातील अबाधितांशी तुलना करून तपासणी झाली. हे शक्य झाले, कारण कोण बाधित आहे याची नोंद होती.

भारताने १९९७ मध्ये अमलात आलेला रासायनिक शस्त्रबंदी करार पाळून २००९ पर्यंत आपला साठा नष्ट केला. हे अभिमानास्पद आहे. पण शस्त्र संपले म्हणून बाधित माणसे संपत नाहीत.

आता आपण करायचे ते साधे आहे. औषध फवारणारे, रसायनाच्या कारखान्यात राबणारे यांनी रसायनाचे नाव, तारीख, त्रास वहीत लिहावा. गळ्याला सूज, न जाणारा थकवा असेल तर टीएसएच तपासणी करून घ्यावी आणि रिपोर्ट जपून ठेवावा. गोळी चालू असेल तर रोज्यातही सोडू नये. वेळ डॉक्टरांना विचारून बदलावी.

नोंद नसेल तर अन्याय अफवा ठरतो. वही आजच उघडा.