काणी, लस आणि आईबापाची सही



कापसाच्या भावाच्या बैठकीत हा विषय कशाला, असं आत्ताच मागून कुणी म्हणालं. आम्ही शाळेत मुलींशी बोलायला गेलो तेव्हा दारात उभे राहिलेले बापही हेच म्हणाले, "बायकांचं नर्सबाई सांगतील, तुम्ही बियाण्याचं बोला." बरं, बियाण्याचंच बोलू.

कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी दिसली, की फवारणीचा उपयोग नसतो. म्हणून काणीसाठी पेरणीआधी किलोला 4 ग्रॅम गंधक चोळायचं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं तसंच आहे. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो. काहींच्या राहतो आणि 10-20 वर्षांनी रोग उभा करतो. लस त्याआधी, 9 ते 14 व्या वर्षी द्यायची. शिरलेला विषाणू ती काढत नाही. यात बाईच्या चालचलणुकीवर बोट ठेवू नका. तो नवऱ्याकडूनही येतो, आणि त्याला कोणी विचारत नाही.

सातवीतल्या एका पोरीने विचारलं, "मग आईचं काय?" आम्ही डिग्रीवाले, पण हा प्रश्न आमच्या टिपणात नव्हता.

आईसाठी तपासणी आहे. आपल्यासारख्याच कोरडवाहू उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, 1999 पासून सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला. निकाल 2009 साली आला. एकदाच एचपीव्ही तपासणी मिळालेल्या गटात या कॅन्सरने 34 जणी गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न मिळालेल्या गटात 64. आकडा त्या 64 जणींनी मोजून दिला आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने ही तपासणी मागून घ्यावी. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे ती लागेलच.

आता सहीचं. आंध्रातल्या तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनने सह्या केल्या होत्या. काही मुली दगावल्या, ओरड झाली, 2010 साली लशीचा प्रकल्प थांबला. मृत्यू लशीमुळे झाले असं चौकशीत निघालं नाही, पण विश्वास गेला तो गेला.

म्हणून सही आईबापानेच करावी, आणि समजून. आईचीही चालते बरं का. दंड दुखतो, कुणाला ताप येतो, एखादीला चक्कर येते, म्हणून थोडा वेळ बसवून ठेवतात. हे मुलीला आधीच सांगायचं. सोसायटीच्या कागदावर न वाचता अंगठा उठवायची आपली सवय इथे नको.

पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा शाळेत जातोय. बापांनी या वेळी दारात थांबू नये, आत येऊन बसावं.