हृदय आणि जिना

लंडनच्या दुमजली बसगाडीवर पूर्वी दोन माणसे जोडीने काम करीत. चालक दिवसभर बैठकीवर खिळलेला; वाहक तिकिटे देत जिना चढणारा, उतरणारा. दोघांची राहणी बहुतांशी सारखीच. तथापि वाहकांना हृदयविकार कमी प्रमाणात, उशिरा व सौम्य स्वरूपात होतो, असे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले. मुळात स्थूल माणसेच चालकाची नोकरी पत्करीत असतील, ही शंका संशोधकांनाही आली. त्यांनी गणवेशांची मापे काढली आणि चालकांच्या विजारी कमरेला खरोखरच मोठ्या निघाल्या! परंतु पुढे सारख्या अंगलटीच्या माणसांची तुलना केली, तेव्हाही वाहकच सरस ठरले.

याचे मर्म स्नायूंच्या चयापचयात आहे. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देणारे हृदय मुख्यतः स्निग्धाम्लांवर चालते. पण ते शर्कराही जाळते, आणि राबणाऱ्या स्नायूंतून रक्तात आलेले दुग्धाम्लही इंधन म्हणून वापरते. हातापायांचे स्नायू विश्रांतीत मेद खर्च करतात, जोराच्या श्रमात साठवलेली शर्करा. जेवणानंतर रक्तातील शर्करा स्नायूंत शिरण्यास इन्शुलिन लागते. आकुंचन पावणारा स्नायू मात्र त्याच्यावाचूनही ती ओढून घेतो. स्नायू आळशी राहिला की त्याची कोठारे भरलेलीच राहतात. मग भात, पोळी आणि गोड चहा यांतील अतिरिक्त शर्करेचा यकृत मेद बनविते, आणि तो रक्तवाहिन्यांना जाचक ठरतो.

म्हणून आहार आणि व्यायाम एकमेकांचे देणे फेडू शकत नाहीत. अर्ध्या तासाच्या फेरफटक्याची कमाई एका लाडवाने सहज बुडते. उलट, नुसत्या उपासाने वजन उतरते, पण त्याबरोबर स्नायूही झडतात. ताटात डाळ-उसळ, भाजी हवी आणि पायांना काम हवे.

कचेरीतील आम्हां मंडळींना वाटते की आता वय झाले. त्यांनी डॅलस येथील प्रयोग ऐकावा. १९६६ साली विशीतील पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले. त्यांची श्रमशक्ती चतुर्थांशाहून अधिक घटली. पुढील तीस वर्षांच्या वार्धक्यानेही तितकी घट झाली नाही! पन्नाशीत त्यांनीच सहा महिने बेताने व्यायाम केला आणि वयामुळे गमावलेली शक्ती परत मिळविली.

तेव्हा श्रोतेहो, छातीत दुखत असेल तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. इतरांनी उद्या कचेरीत पाळण्यापुढे उभे न राहता जिन्याची वाट धरावी.