जुन्या बंगल्याचा स्लॅब झाकू नका



मी बांधकाम अभियंता. जुन्या इमारती तपासणं हे माझं काम. त्यामुळे एकच प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो : "मॅडम, वडिलांनी साठ-पासष्ट साली बांधलेला बंगला आहे. सपाट गच्ची, लांब छज्जे, सिमेंटच्या जाळ्या, मोझेकच्या फरश्या. मे महिन्यात वरच्या खोलीत झोपवत नाही आणि जुलैत तिथंच बादल्या ठेवाव्या लागतात. पाडून नवा बांधू, की यालाच आजच्या काळाचं, कमी विजेत भागणारं घर करता येईल?"

करता येईल. बहुतेक वेळा तेच करावं. माणसं हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून येतो. तुमच्या भिंती-स्लॅबसाठी जो धूर व्हायचा तो साठ वर्षांपूर्वीच होऊन गेला. बंगला पाडलात की तो वाया आणि नव्यासाठी पुन्हा तेवढा.

शिवाय ही घरं विचार करून बांधलेली आहेत. आचऱ्यात जन्मलेले वास्तुविशारद अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपिअसकडे शिकून आले. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या हाताखाली काम करून आले. तो काळच नव्या, सरळसोट, दिखाऊपणा टाळणाऱ्या बांधणीचा होता. तुमचा बंगला कदाचित गावातल्याच एखाद्या ओव्हरसियरनं बांधला असेल. तरी छज्जा किती पुढे काढायचा, पश्चिमेला जाळी का द्यायची, हे त्याला नेमकं कळत होतं.

आता मुद्द्याचं. घरात हात घालायच्या आधी स्लॅब उघडून बघा. तो झाकू नका. खालून झाकू नका, वरूनही झाकू नका.

खालून कसा झाकतात? छताचं प्लास्टर फुगतं, पोपडे पडतात, तपकिरी डाग दिसतात. मग इंटीरियरवाला म्हणतो, पीओपीचं फॉल्स सीलिंग करू, दिवेही छान बसतील. झालं! डाग दिसेनासा होतो, गंज मात्र चालूच राहतो. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत गेला की हा गुण कमी होतो. हा गुण गमावलेला थर सळईपर्यंत पोचला आणि जोडीला गळतीचं पाणी मिळालं, की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा तो काँक्रीट फोडून करून घेतो. तुम्ही ज्याला प्लास्टरचा पोपडा म्हणता, तो पुष्कळदा स्लॅबचाच तुकडा असतो. त्याच्याखाली पीओपी लावून, त्याच्याखाली पाळणा टांगू नका हो!

वरून कसा झाकतात? गच्ची गळते, म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा. दहा वर्षांनी त्यावर आणखी एक. चार इंच विटांच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भरतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ते सोळा ते साडेअठरा टन झालं. माणसं वावरतात अशा गच्चीसाठी वरचा भार धरतात तो चौरस मीटरला साधारण १५० किलो. म्हणजे माणसांसाठी राखलेली ताकद तुम्ही एका थरात संपवलीत, आणि तीही खालून गंजलेल्या स्लॅबची. मी असे तीन-तीन थर निघालेले पाहिले आहेत. प्रत्येक थराची दहा वर्षांची गॅरंटी लेटरहेडवर लिहून दिलेली होती!

हल्ली यात गच्चीवरच्या बागेची भर पडली आहे. अहमदाबादला साराभाईंच्या बंगल्याच्या छतावर कॉर्बुझिएनं माती आणि हिरवळ घातली, तिचा फोटो दाखवून लोक मला विचारतात. अहो, ते छत त्या मातीसाठीच बांधलं होतं. एक फूट ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जाते. तुमच्या स्लॅबला हे कुणी सांगितलं होतं का? त्याच शहरातल्या शोधन बंगल्याकडून शिकण्यासारखं जास्त आहे. तिथं गच्चीच्या वर छत्रीसारखं दुसरं छप्पर आहे. ऊन त्यावर पडतं, मधून वारा वाहतो. आपल्याला हे हलक्या लोखंडी सांगाड्यावर सौर पॅनेल बसवून साधता येतं. सावलीही मिळते, वीजही. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. फक्त सांगाड्याचे पाय वाटेल तिथं स्लॅबला भोकं पाडून ठोकू देऊ नका.

तर क्रम असा ठेवा. दिवाळीनंतर काम काढा. खालून टेकू द्या आणि जुना कोबा तोडून मलबा त्याच दिवशी खाली उतरवा, गच्चीवर ढीग नको. छत हातोडीनं ठोकून ऐका, पोकळ वाजेल तिथलं काँक्रीट काढा. ताज्या तुटलेल्या भागावर अभियंता फिनॉल्फ्थॅलीन मारेल, तेच ते बारावीच्या प्रयोगशाळेतलं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, रंग आला नाही तर तिथं सळईचं गंजापासूनचं संरक्षण गेलं आहे. सळई चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजरोधक लेप द्यायचा, बारीक झाली असेल तिथं नवी जोडायची, मग पॉलिमरच्या मसाल्यानं भरायचं. हे झाल्यावर वर पाणीरोधक थर, त्यावर उष्णतारोधक थर आणि शेवटी पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी. ऊन परतवायला पांढरा रंग लागतो, लाल नको.

आणि तपासणीत स्लॅब वाचण्यापलीकडे गेलेला निघाला, तर तो पाडा. तिथं मी हळवी होणार नाही.

बाकीचं थोडक्यात. बाल्कन्या सरकत्या काचा लावून बंद करू नका, घरातला वारा त्यांनीच येतो. सिमेंटच्या जाळ्या विटांनी भरू नका, आतून डासांची जाळी लावा. लोखंडी खिडक्या घासून रंगवल्या की पुष्कळ टिकतात. मोझेकला पॉलिश करा. त्यावर व्हिट्रिफाइड टाइल चिकटवायची कल्पना कुणाची, हे मला एकदा कळलं पाहिजे. एसीचा आकार हे सगळं झाल्यावर ठरवा.

आणखी एक विनंती. भेगेचा फोटो मोबाइलवर पाठवून "एवढंच आहे, चालेल ना?" असं विचारू नका. फोटोत सळई दिसत नाही. जावई सिव्हिलला आहे, हे ऐकून आनंद झाला. पण त्यालाही शिडीवर चढायला सांगा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी तपासणी सांगितली आहे. स्वतंत्र बंगल्याच्या मालकाला कुठली सोसायटी विचारायला येत नाही, म्हणून साठ वर्षांत एकदाही तपासणी न झालेले बंगले मला भेटतात.

तेव्हा तुमच्याकडे पीओपीचं किंवा नव्या कोब्याचं कोटेशन आलं असेल, तर त्यावर सही करू नका. आधी अभियंत्याला बोलवा, टेकू लावून जिथं डाग सगळ्यात गडद आहे तिथं हातभर जागा त्याच्यासमोर उघडा, आणि आतली सळई स्वतः बघा.